आवाज वाढला, पण ताकद वाढली का? मस्टँगच्या सायलेन्सरची गोष्ट

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा, कारण हा भाग थेट एका व्ही-८ इंजिनच्या गुरगुरण्याने सुरू होतो. आणि जे ऐकत नाहीयेत, पीएमटीत किंवा लेक्चरला मागच्या बाकावर बसून वाचतायत, त्यांच्यासाठी सांगतो: ऑडिओत सुरुवातीला दोन क्लिप आहेत. गाडी दोन्हीकडे एकच, २०१६ची फोर्ड मस्टँग जीटी, पाच लिटरचं इंजिन. पहिल्या क्लिपमध्ये कंपनीने बसवलेला सायलेन्सर आहे, दुसरीत बाहेरून विकत घेऊन लावलेला. पहिली घुमते. दुसरी अंगावर येते.

या क्लिप आधी आमच्या ग्रुपवर टाकून मी विचारलं होतं, दुसऱ्या क्लिपमध्ये किती हॉर्सपॉवर वाढली असेल? कुणी दहा म्हणालं, कुणी वीस, एका भिडूने तर चाळीस लिहिले आणि पुढे तीन आगीचे इमोजी.

खरं उत्तर आहे, जवळजवळ शून्य.

कानाला जे जाणवतं ते चाकापर्यंत पोचलेलं असेलच असं नाही, आणि या एका गोष्टीवर अख्खा आफ्टरमार्केट धंदा उभा आहे. आवाज कुठून येतो, ताकद कुठून येते, आणि ताकदीच्या मागे लागलं की कायदा नेमका कुठल्या जागी आडवा येतो, हे आज नीट उलगडूया.

पाइपात नेमकं चालतं काय?

आपण बोलताना इंजिनपासून मागच्या टोकापर्यंत सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो. गॅरेजमध्ये ते चालून जातं, पण पैसे मोजायची वेळ आली की भाग सुटे करून बघावे लागतात. सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो तो आधी मॅनिफोल्डमध्ये. रेसिंगवाले त्या जागी जे लावतात त्याला हेडर म्हणतात. त्याला जवळजवळ चिकटून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे आपला कॅट. मग मधला लांब पाइप आणि त्यात रेझोनेटर. मग मागच्या ॲक्सलवरून वळसा, आणि शेवटी मफलर आणि चकचकीत टिप. व्ही-८मध्ये हे सगळं दोन-दोन, कारण सिलिंडरच्या दोन रांगा असतात.

दुकानदार याचेच तुकडे करून विकतो. ॲक्सल-बॅक घेतला तर फक्त ॲक्सलच्या मागचं बदलतं. कॅट-बॅक म्हणजे कॅटच्या मागचं सगळं. आणि तिसरा प्रकार हेडरचा, जिथे हात थेट इंजिनच्या तोंडाशी जातो. किंमत याच क्रमाने चढते, मेहनतही, आणि कायद्याची भानगडही.

आता वायूचं. तो नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही. प्रत्येक वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की एक धक्का बाहेर पडतो, दाबाची लाट. ही लाट पाइपातून पुढे जाते आणि जिथे पाइप अचानक मोठा होतो किंवा बाकीच्या पाइपांना मिळतो, तिथून तिचा काही भाग उलट फिरून परत येतो. गंमत अशी की परत येताना ती दाबाची नाही, ओढीची लाट असते. व्हॉल्व्ह बंद व्हायच्या बेतात असताना ती बरोबर येऊन पोचली, तर सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू ती खेचून काढते आणि नव्या हवेला जागा करून देते. हेडरची सगळी जादू एवढीच.

पण वेळ जुळायला हवी. इंजिनच्या तोंडाशी वायू इतका तापलेला असतो की आवाजाची लाट सेकंदाला सहाशे मीटरपेक्षा जास्त वेगाने जाते. समजा हेडरचा पाइप ९० सेंटिमीटर लांब आहे. जाऊन-येऊन १.८ मीटर, म्हणजे तीन मिलिसेकंदांच्या आत. तेवढ्या वेळात ६००० आरपीएमला क्रँकशाफ्ट साधारण १०० अंश फिरतो. ३००० आरपीएमला त्याच्या निम्माच. म्हणजे एका लांबीचा पाइप ठरावीक आरपीएमलाच मदत करतो. वर फायदा दिला तर खाली काहीतरी काढून घेतो. ‘संपूर्ण रेंजमध्ये पॉवर वाढते’ असं खोक्यावर छापलेलं दिसलं की हे आठवा.

एक जुना वाद आत्ताच मिटवून टाकतो. ‘इंजिनला थोडा बॅकप्रेशर लागतोच’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. नाही लागत. वायूला अडथळा झालेला कुठल्याच इंजिनला आवडत नाही. त्याला आवडतो तो वायूचा वेग. पाइप गरजेपेक्षा जाड केला की वेग पडतो, लाटा विस्कटतात, खालचा पिकअप बसतो, आणि मग लोक म्हणतात बॅकप्रेशर गेला.

आता ॲक्सल-बॅककडे या. वायू ॲक्सलपर्यंत पोचेतो बराच थंड झालेला असतो, लाटांचा जोर ओसरलेला असतो, आणि मस्टँगसारख्या गाडीचा कंपनीचा मफलर तसाही फार अडवणारा नसतो. तिथे काहीही लावा, इंजिनच्या तोंडाशी त्याची खबर जवळपास पोचत नाही. शिवाय डायनोवर एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन चाचण्यांतही चार-पाच हॉर्सपॉवर इकडेतिकडे होतात, नुसती हवा तापली किंवा इंजिन जास्त गरम झालं तरी. तेव्हा ‘५ एचपी गेन’ हा आकडा मी सरळ सोडून देतो.

गुरगुर येते कुठून?

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे, त्यामुळे जरा रेंगाळतो.

मस्टँग जीटीच्या इंजिनचा फायरिंग ऑर्डर असा आहे: १-५-४-८-६-३-७-२. फोर्डच्या मोजणीत १ ते ४ उजव्या रांगेत, ५ ते ८ डाव्या. आता हाच क्रम रांगांच्या भाषेत म्हणून बघा: उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा, डावा, उजवा. आणि पुन्हा उजव्यापासून सुरू. लक्षात आलं? मध्ये डावा दोनदा लागोपाठ येतो, आणि फेरी संपून नवी सुरू होताना उजवा दोनदा. अख्खं इंजिन अगदी समान तालात, दर ९० अंशांनी पेटतंय, पण एका बाजूच्या पाइपाला कान लावला तर धक्के कधी ९० अंशांनी, कधी १८०, कधी २७० अंशांनी येतात. ढोल वाजवणारा एखादा ठोका ओढून, पुढचा लगेच देतो ना, तसं. व्ही-८ची ती गुरगुर म्हणजे हा अडखळणारा ताल आहे. मफलर तो तयार करत नाही, फक्त दाबतो किंवा मोकळा सोडतो.

पुरावा हवा असेल तर फोर्डच्याच शेल्बी जीटी३५०चा आवाज ऐका. तेही व्ही-८च, ५.२ लिटरचं, पण त्याचा क्रँकशाफ्ट सपाट ठेवणीचा आहे, त्यामुळे धक्के डावा-उजवा-डावा-उजवा असे एकाआड एक येतात. ती गुरगुरत नाही, किंचाळते, थेट ८२५० आरपीएमपर्यंत.

दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये कुठेतरी जोडले तर ताल एकमेकांत मिसळतो. आखूड आडवा पाइप टाकून एचच्या आकारात जोडले तर गुरगुर बरीचशी टिकते आणि आवाज खर्जात राहतो. एक्सच्या आकारात मिसळले तर आवाज चढा आणि गुळगुळीत होतो. यात चांगलं-वाईट नाही. कुणाला तबला आवडतो, कुणाला सनई.

मिशिगनमधला एक शनिवार

क्लिपमधली गाडी माझ्या मावसभावाची. दादा डेट्रॉइटच्या जवळ एका उपनगरात राहतो, आणि ही पिढी जिथे बनली तो फोर्डचा फ्लॅट रॉकचा कारखानाही त्याच भागात आहे. तिकडे बहुतेकांच्या घराला लागून गॅरेज असतं आणि शनिवारी अर्धी गल्ली गाडीखाली असते. मी गेलो होतो तेव्हा ॲक्सल-बॅक खोक्यातून काढून ठेवलेलाच होता. दादा म्हणाला, “आलायस तर पाना धर.”

पहिली गोष्ट, गाडी थंड हवी. आदल्या रात्रीपासून उभी असलेलीच बरी. एक्झॉस्ट बोट भाजून काढतो. दुसरी, गाडी जॅकवर उचलायची पण जॅकवर सोडायची नाही. चारही बाजूंना स्टँड, मागच्या चाकांचं काम असलं तरी पुढच्यांना अटकाव, आणि खाली शिरण्याआधी गाडीला खांद्याने जोरात हलवून बघायचं. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. हायड्रॉलिक जॅकचं सील जायला मुहूर्त लागत नाही.

मिशिगनमध्ये थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीखालचे नट-बोल्ट गंजून एकजीव होतात. आम्ही आदल्या दिवशीच क्लॅम्पवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. तरी एक नट दादागिरी करत होता. जोर लावून पिळला असता तर बोल्ट तुटला असता. हीटगनने तापवला आणि पुन्हा तेल मारलं, तेव्हा कुरकुरत सुटला. आपल्याकडे कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेने हेच होतं, फक्त हळूहळू.

म्हणून माल घेताना स्टीलचा नंबर विचारायचा. ४०९ नंबरच्या स्टेनलेसमध्ये क्रोमियम साधारण ११ टक्के असतं; तो वरून तांबूस होतो पण टिकतो आणि स्वस्त पडतो. ३०४मध्ये क्रोमियम १८च्या आसपास आणि निकेल ८. तो खाऱ्या हवेत बराच जास्त तग धरतो. टायटॅनियमचा पाइप तेवढ्याच स्टीलच्या जवळपास निम्म्या वजनाचा, पण किंमत ऐकून गप्प बसावं लागतं. आणि वळणं बघा. चांगल्या पाइपाचं वळण आतून साचा घालून वाकवलेलं असतं, त्यामुळे गोलाई शेवटपर्यंत तशीच राहते. स्वस्तातल्या पाइपाला वळणावर सुरकुत्या पडून तो चेपलेला असतो. तुम्ही अडीच इंचाचे पैसे देता आणि वळणावर दोन इंचाचा माल मिळतो.

मफलर रबरी हँगरवर लोंबकळत असतो. जुनी रबरं निघता निघत नाहीत. साबणाचं पाणी लावलं की सुटतात, तेल लावू नका, तेलाने रबर फुगतं. नवा बसवताना सगळ्यात मोठा नियम एकच: सगळं अलगद अडकवून घ्यायचं, दोन्ही टिपा बंपरच्या खाचेत सारख्या येईपर्यंत ढकलाढकली करायची, आणि सर्वांत शेवटी क्लॅम्प आवळायचे. घाई करून पहिलाच क्लॅम्प कसला की मागे टिप वाकडी दिसते आणि पुन्हा पहिल्यापासून.

बंपरपासून थोडी फट ठेवावीच लागते. स्टेनलेस पाइप तापला की वाढतो. दोन मीटरचा पाइप चारशे अंशांनी तापला तर साधारण साडेतेरा मिलिमीटर लांब होतो, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढा. ती जागा दिली नाही तर गरम टिप प्लॅस्टिकच्या बंपरला टेकते, आणि पुढचं तुम्हाला वासाने कळेल.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पाइपातून धूर आला. तो कारखान्यात लावलेलं तेल आणि आमच्या हातांचे डाग जळत होते, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग हातमोज्यातल्या जाड फडक्याने क्षणभर टिप अर्धवट दाबून सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे आले तर गळती. ही चाचणी कुणी चुकवू नका. गळतीने नुसता फुसफुस आवाज येत नाही. कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली साठून केबिनमध्ये शिरू शकतो, आणि त्याला वास नसतो. झोप आल्यासारखं वाटू शकतं. काम संपल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून क्लॅम्प पुन्हा एकदा आवळायचे, कारण तापण्या-निवण्यात ते थोडे ढिले होतात.

मग आम्ही हायवेला गेलो. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. त्यानंतर गाडी एका वेगाला स्थिर झाली आणि डोक्यात भुंगा शिरल्यासारखा आवाज सुरू झाला. याला ड्रोन म्हणतात, आणि दुकानातल्या डेमोत तो कधीच ऐकवत नाहीत.

गणित सोपं आहे. आठ सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन एका फेऱ्यात चार वेळा पेटतं. हायवेवर १८०० आरपीएम असतील तर सेकंदाला ३० फेरे, म्हणजे १२० धक्के, १२० हर्ट्झ. गाडीचं केबिन हा बंद डबा. त्याला असे खालचे सूर मानवतात आणि तो साथ द्यायला लागतो. कंपनीचे इंजिनिअर महिनोन्‌महिने नेमका हाच सूर मारण्यावर घालवतात, आणि आपण दोन तासांत त्यांची मेहनत काढून बाजूला ठेवतो.

यावर उपाय आहे. पाइपाला बाजूने एक बंद तोंडाची नळी जोडायची. लाट त्या नळीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि नेमकी उलट्या तालात मूळ लाटेला मिळून तिला मारते. नळीची लांबी त्या लाटेच्या एक चतुर्थांश हवी. मागच्या भागात वायू ३०० अंशांच्या आसपास असतो असं धरलं तर लाटेचा वेग साधारण ४८० मीटर. भागिले १२०, म्हणजे लाट चार मीटरची. चतुर्थांश म्हणजे एक मीटर. मस्टँगखाली एक मीटरची नळी बसवायला जागा शोधावी लागते, म्हणून ती जेच्या आकारात वाकवून मुख्य पाइपाला समांतर नेतात. दादाने पुढच्या महिन्यात ती बसवून घेतली. वेल्डरने स्टेनलेस जोडताना पाइपात आतून आरगॉन वायू सोडला होता. तो सोडला नाही तर जोडाच्या आतल्या बाजूला साखरेच्या दाण्यांसारखा काळा खरबरीत थर येतो आणि जोड तिथेच तडकतो. वेल्डरला हा एक प्रश्न विचारून बघा, त्याला काम येतं की नाही ते लगेच कळेल.

मग ताकद कुठे आहे?

आहे, पण पुढे. लांब पाइपांचा हेडर, जास्त मोकळा कॅट, आणि मग ईसीयूचं ट्यूनिंग. या तिघांनी मिळून इंजिनला खरंच फरक पडतो. एकटा हेडर लावून ट्यूनिंग केलं नाही तर अर्धा पैसा वाया, कारण इंधन आणि स्पार्कचं गणित जुन्याच पाइपासाठी लिहिलेलं असतं. भारतात मस्टँग जीटी २०१६मध्ये आली तेव्हा इथे ४०१ पीएस दिले होते आणि अमेरिकेत त्याच पिढीला ४३५ हॉर्सपॉवर. अनेकांना वाटतं, अमेरिकेतून हेडर मागवला की फरक भरून निघेल. पण आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे. स्टीअरिंगचा दांडा ज्या बाजूने खाली उतरतो त्याच जागेतून हेडरचे पाइप जायचे असतात. डाव्या स्टीअरिंगसाठी वाकवलेला हेडर इथे सरळ दांड्यावर आदळू शकतो. खोकं उघडल्यावर हे समजून उपयोग नाही.

आणि इथेच कॅट मध्ये येतो. आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांना तो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या नायट्रोजनमध्ये बदलतो. पण त्याला काम करायला तापावं लागतं, साधारण २५०-३०० अंशांच्या पुढे. म्हणून कंपनी तो इंजिनला चिकटून बसवते. आणि म्हणूनच थंड इंजिन सुरू करताना ईसीयू मुद्दाम आरपीएम वाढवतो आणि स्पार्क उशिरा देतो, म्हणजे जास्त गरम वायू कॅटकडे जातो. सकाळी गाडी सुरू केल्या केल्या ती जी डरकाळी फोडते, ती तुमच्यासाठी नसते, कॅटसाठी असते.

या डरकाळीचा किस्सा खुद्द फोर्डमध्येच घडलाय. वाहन अभियांत्रिकी विभागाचे माजी प्रमुख स्टीव्ह फॉन फर्स्टर आपली शेल्बी जीटी३५० घराबाहेर काढत होते, आणि शेजाऱ्याने आवाजासाठी पोलिसांना बोलावलं. त्यातून २०१८च्या मस्टँग जीटीत एक सोय आली: ठरावीक वेळांत गाडी सुरू केली तर एक्झॉस्टमधले व्हॉल्व्ह बंद राहतात आणि आवाज सुमारे १० डेसिबलने उतरून ७२वर येतो. दहा डेसिबल म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज. गाडी बनवणाऱ्यालाही शेजारी असतात, हे वाचून मला फार बरं वाटलं.

कॅट काढून सरळ पाइप टाकला तर काय होतं? कॅटच्या पुढे एक आणि मागे एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात. दोघांचं म्हणणं सारखंच यायला लागलं की ईसीयूला कळतं कॅट काम करत नाहीये. पी०४२० नाहीतर पी०४३० कोड येतो आणि इंजिनचा दिवा लागतो. मग मागच्या सेन्सरखाली नळी घालून त्याला फसवायचे उद्योग सुरू होतात. अमेरिकेत संपूर्ण देशात कॅट काढणं बेकायदा आहे, मिशिगनमध्ये धुराची नियमित तपासणी होत नसली तरी. दादाने म्हणूनच हेडरला हात लावला नाही. कॅलिफोर्नियात तर धुरावर परिणाम करणाऱ्या सुट्या भागाला राज्याच्या मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. कॅट-बॅकला तो लागत नाही, कारण तो कॅटच्या मागे असतो, पण आवाजाची मर्यादा तिथेही आहेच.

आपल्याकडे एक वेगळीच लबाडी चालते, तीही सांगतो. ‘कॅट फुकटात काढून देतो, वर पाइपही लावतो’ असं कुणी म्हणालं तर विचारा, जुना कॅट मला परत देणार का? त्यातल्या धातूंना भंगारात चांगला भाव असतो. तुमच्या गाडीतली महाग वस्तू नेऊन बदल्यात साधा पाइप दिला, आणि वर तुम्ही थँक्यू म्हणता.

महाराष्ट्रात हे चालतं का?

थोडक्यात, नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात मालकाला परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं: बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराची मर्यादा ओलांडली तर कलम १९०नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं. बुलेटच्या पंजाबी आणि इंदोरी सायलेन्सरवर पोलिसांनी रोड रोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. नियम बुलेटला एक आणि पासष्ट लाखांच्या गाडीला दुसरा, असा नाहीये. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी निघाला तर त्यांना नकार द्यायला आयतं कारण मिळतं, ते वेगळंच.

पीयूसीत बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. कॅट नसेल तर हे जमवणं अवघड. पीयूसी कशी मिळते ते मला सांगू नका, मीही इथेच राहतो. पण तो ०.३चा आकडा तुमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्येही लागू असतो, आणि तिथे सकाळी सात वाजता शाळेच्या बसची वाट बघत पोरं उभी असतात. कागदावर शिक्का मारून तिथली हवा बदलत नाही.

ग्रुपवरचे दोन प्रश्न घेतो आणि थांबतो.

एकाने विचारलंय, रिमोटवर उघडणारा व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट लावला आणि पोलिस दिसल्यावर बंद केला तर? कंपनीनेच गाडीसोबत तसा दिला असेल तर तो त्या गाडीच्या मंजुरीत आलेला असतो. बाहेरून लावला तर व्हॉल्व्ह उघडा असो की बंद, बदल तो बदलच. रिमोट खिशात सापडला की उलट पुरावाच हातात.

दुसरा प्रश्न एका पोरीचा. तिच्याकडे १.० लिटरची टर्बो हॅचबॅक आहे, तीन सिलिंडरची, आणि तिला विचारायचंय की काय लावलं तर ती मस्टँगसारखी गुरगुरेल. ताई, तीन सिलिंडरचं इंजिन दर २४० अंशांनी पेटतं, अगदी घड्याळासारखं, आणि तिन्ही धक्के एकाच पाइपात जातात. मस्टँगची गुरगुर ९०, १८०, २७०च्या त्या अडखळत्या तालातून येते. तुझ्या गाडीला कितीही जाड पाइप लावला तरी ताल तोच राहणार, फक्त जोरात वाजेल. तो बदलायचा तर क्रँकशाफ्ट बदलावा लागेल, आणखी पाच सिलिंडर लावावे लागतील, आणि मग ते सगळं मावेल एवढं बॉनेट. तेवढ्या पैशात मस्टँग येते. आणि टर्बो गाडीत टर्बोच आधी अर्धा आवाज खाऊन टाकतो, तो कसा, ते पुढच्या भागात.